पट्टीखालचं कुंकू

"एकही बुडबुडा दिसला, तर सगळी पट्टी पुन्हा काढायला लावीन," गिऱ्हाईक तिसऱ्यांदा बजावत होतं. "खोक्यातून काढलेली कोरी सायकल आहे. गेल्याच महिन्यात घेतलीय."

हणमंताने दात-ओठ खात सायकल दुकानाच्या फरशीवर उलटी केली. डोंगरातून आणलेली सायकल धुवायची अक्कल नाही, आणि तोंड बघा! फ्रेमच्या पोटाला रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेली जुनी पारदर्शक पट्टी होती. ती सोलून नवी लावायची म्हणून त्याने चिखल पुसला, आणि त्याचा हात थबकला.

पट्टीखाली कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. टोकाशी तिरकं तुटलेलं.

गेल्या दसऱ्याला त्याची स्वतःची सायकल अशीच उलटी ठेवलेली होती. तो पट्टी कापत असताना आईने पूजा उरकली आणि विळीवर टोक गमावलेलं आपलं बोट फ्रेमच्या पोटावर टेकवलं. त्याने न बघताच वर पट्टी दाबली. मग केवढा भडकला होता! "घाण केलीस सगळी," म्हणत दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आठवड्यात सायकल चोरीला गेली, तेव्हा "काय मिळालं पूजा करून?" असंही तिला फाडकन विचारलं.

तो उठला. शटर अर्धं खाली ओढून गिऱ्हाइकाची वाट अडवून उभा राहिला.

"कोरी काय? मग कारखान्यात दसरा कुणी केला हिचा?"

हणमंत मागच्या घराकडे वळून गरजला, "आई, बाहेर ये! यांना तुझं बोट दाखव."