रविवारचं पत्र

साताऱ्याच्या सेवा केंद्रात मंदाकिनी शेंडे सकाळपासून बसून होत्या. चार रविवार झाले, मुलाचं पत्र आलं नव्हतं. मुलगा अवकाशयानात होता, इतका लांब की त्याचं पत्र पोचायला सहा वर्षं लागत. पण पहिलं पत्र आल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता.

"पत्रं येतायत, काकू," काउंटरवरची हर्षदा म्हणाली. "पण यानातलं सॉफ्टवेअर सातव्या आवृत्तीचं आहे. त्या आवृत्तीचा सपोर्ट कंपनीने मार्चमध्ये बंद केला. आता ती पत्रं इथे उघडत नाहीत."

"मग त्याला नवीन आवृत्ती पाठवा."

"पाठवलीय. पोचायला सहा वर्षं, मग त्याचं पत्र यायला सहा."

मंदाकिनीबाई बोटांवर आपलं तेव्हाचं वय मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"तोवर दर रविवारी नुसता एरर येत राहिला असता," हर्षदा हळूच म्हणाली. "लोकांना त्रास नको म्हणून आम्हीच तो बंद केला."

"तो सुरू करून दे."

"त्यात काहीच नसतं, काकू."

"नसू दे. पण त्याचं पत्र आलं तरच तो एरर येतो ना?"

हर्षदाने कीबोर्ड पुढे ओढला.

रविवारी दुपारी फोन वाजला. 'हा संदेश उघडता येत नाही.' मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"अहो, आलं बघा पत्र."

"काय म्हणतोय?" यजमानांनी आतून विचारलं.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "रविवार विसरला नाही."