उताराची सायकल

सहा सायकली टेकडीवर चढवून येसाक्का सातवीसाठी खाली आली, तेव्हा तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सकाळी अख्खी वस्ती या भाड्याच्या सरकारी सायकलींवरून कामाला खाली सुटायची अन् परतताना मेली रिक्षात बसायची. सायकली पुन्हा वर ढकलत नेणं, हीच आक्काची नोकरी.

खालच्या स्टँडवर नवे साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "आक्का, वर सायकलनं कुणीच जात नाही. वरचा स्टँड उद्यापासून बंद."

"म्हणजे माझी चूलही बंद! आधी एकदा चढून बघा, मग खुशाल घाला कुलूप."

साहेब स्टँडवरची एक सायकल घेऊन तोऱ्यात निघाले आणि दुसऱ्याच वळणावर उतरले. मागून सातवी सायकल ढकलत आक्का आली. "ढकला, लाजू नका. इथं भल्याभल्यांना उतरावं लागतं."

वर पोचून साहेबांनी तिचा तांब्या घटाघटा रिकामा केला. "स्टँड राहू दे. तुम्हीही राहा."

आक्काचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांनी घड्याळ पाहिलं, आत्ताच वर आणलेल्या सायकलीवर टांग टाकली आणि शीळ घालत उताराला लागले.

आक्कानं पदर खोचला. "ही मेली आठवी," ती पुटपुटली आणि त्यांच्यामागे खाली निघाली.