शेवटची बाई

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतल्या बाया रानवाटेनं एका ओळीत चालतात आणि धीराची बाई शेवटी ठेवतात. पुढची अधूनमधून हाक मारते, "मागची हाय का गो?" मागची म्हणते, "हाय गो!" मगच पुढचं पाऊल पडतं.

ग्रामपंचायतीच्या नऊ सदस्य बाया दिल्लीचं जुनं संसद भवन बघायला आल्या, तरी सवय तीच. गाइडमागं आवडी, सगळ्यांत शेवटी चांगुणा. व्हरांडा गोल, त्यामुळं पुढच्या बाया सारख्या वळणाआड जायच्या.

"मागची हाय का गो?" आवडीची हाक आली.

"हाय गो!" चांगुणा म्हणाली.

"हाय गो!" तिच्या मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. मागं रिकामा व्हरांडा आणि फरशीवर खांबांच्या सावल्या.

गाइड थांबला तेव्हा तिनं त्याला गाठून विचारलं, "पीछे और कोण हाय का?"

"नहीं माताजी, आज बस आप ही लोग हैं."

म्हणजे आपलाच आवाज घुमला असेल. ती पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. आता हाक आली की आपण गप्पच राहायचं, तिनं ठरवलं. आपण बोललो नाही तर घुमणार काय?

"मागची हाय का गो?"

चांगुणानं पदर तोंडात कोंबला.

"हाय गो!" अगदी तिच्याच आवाजात, तिच्या कानामागून.

"आवडे, ती मी नाय गो!" ती जीव खाऊन ओरडली. ओळीतल्या एकीनंही मान वळवली नाही.

वळणाआडून आवडीचा निश्चिंत आवाज आला, "चला गो, सगळ्या हायत."