मागून घेतलेली रांग

सुताराची बायको बॅप्टिस्ट चर्चची सभासद होती आणि तो स्वतः दुसऱ्या चर्चचा. तेवीस वर्षं तो तिच्या चर्चमध्ये तिच्या शेजारी बसून गायचा, पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याची वेळ झाली की गुपचूप उठून व्हरांड्यात जायचा. प्रभुभोजन फक्त आपल्या सभासदांनाच, असा तिथला नियम होता.

गेल्या आठवड्यात सभासदांनी मत घेऊन तो नियम बदलला. विरोधात सगळ्यांत जास्त बोलला तो सुताराचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो चर्चच्या पंचांपैकी एक; प्रभुभोजनाची भाकरी रांगारांगांतून वाढायचं काम या पंचांचंच. "दार सताड उघडं टाकलं की घराला घरपण राहत नाही," असं त्याने ठणकावून सांगितलं. तरी मतदानात तो हरला.

या रविवारी सुतार सवयीने उठायला लागला, तर बायकोने बाही ओढून त्याला खाली बसवलं. तेवढ्यात भाकरीचं तबक घेऊन मेहुणाच त्यांच्या रांगेपाशी आला. सुताराचा हात काही पुढे होईना.

"घ्या ना, दाजी."

"तुला पटलंय का पण?" सुताराने हळूच विचारलं.

"छे! पुढच्या सभेत पुन्हा भांडणार आहे."

"मग तूच कसा आलास वाढायला?"

मेहुण्याने तबक आणखी जवळ धरलं. "ही रांग मी मागून घेतली. माझ्या दाजींना पहिल्यांदा दुसऱ्या कुणी का वाढावं?"