तंतोतंत

आभाने पुन्हा तपासलं. पुन्हा हिरवी खूण. पेशंटच्या माहितीचा सर्व्हरवरचा साचा आणि नर्सच्या मोबाइलमधला साचा तंतोतंत सारखे. कणभरही तफावत नाही. आणि तिकडे हॉस्पिटलात हरसूलच्या कुसाबाई आज सकाळी एका इंजेक्शनने गेल्या होत्या.

त्या औषधाची त्यांना ॲलर्जी होती. शुक्रवारी बेशुद्ध आणलेल्या बाईला कोण विचारणार? मोबाइलवर मात्र ‘ॲलर्जी : नाही’ असं ठसठशीत दिसत होतं. नर्सने त्यावर भरवसा ठेवला. तिचं काय चुकलं?

गंगापूर रोडवरच्या या कंपनीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. सर्व्हर एका प्रोग्रामिंग भाषेत, मोबाइलचं ॲप दुसरीत. पेशंटची माहिती कशी ठेवायची याचा मूळ साचा मात्र एकच. त्यावरून दोन्ही भाषांतला कोड मशीन काढून द्यायचं. त्या कोडला हाताने शिवायचं नाही, हा कडक नियम. पण इथला जुना प्रोग्रामर हर्षल पहिल्यापासून घायकुता! नोकरी सोडण्याआधी त्याने दोन्हीकडे हातानेच काहीतरी घुसडलं होतं. मूळ साच्यात त्याचा पत्ताच नाही. शनिवारी ते आभाच्या नजरेस पडलं आणि तिचं डोकंच फिरलं. काय घुसडलंय, कशाला घुसडलंय, हे बघायच्या भानगडीत ती पडली नाही. मूळ साच्यावरून तिने सगळं नव्याने काढलं. दोन्हीकडे मूळ साच्याबरहुकूम झालं. मालक धनराज सरांनी खूश होऊन सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

आता तेच सर घामाघूम होऊन तिच्या मागे उभे होते. हातात चालू फोन.

“सगळं जुळतंय ना? मग तेवढंच सांग,” ते कुजबुजले. “जास्त बोलू नकोस. कंपनी बुडेल.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने फोन घेतला. पलीकडे वॉर्डाच्या डॉक्टर मालिनी होत्या.

“आभा, बेशुद्ध पेशंटसाठी हर्षलने आम्हाला तिसरं उत्तर घालून दिलं होतं ना, ‘माहीत नाही’? कुसाबाईंना आणलं तेव्हा मी स्वतः तेच दाबलं होतं गं! आज तिथे ‘नाही’ कसं आलं? इथे अजून तसेच पेशंट आहेत. तुमच्या मूळ साच्याशी काही तफावत होती का?”

आभाने मूळ साचा उघडला. त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोनच उत्तरं माहीत होती. तिसरं दिसलं की तो त्याचं ‘नाही’ करत होता. शनिवारपासून, प्रत्येक बेशुद्ध माणसाचं.

सर समोर येऊन जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“मॅडम, आधी सगळे मोबाइल बंद करायला लावा,” ती म्हणाली. “तफावत होती. तीच बरोबर होती. शनिवारी मी ती काढून टाकली.”