मशीन बंद असताना

पालिकेच्या निरीक्षकाने तीन पायांचा स्टँड दोन दारांच्या मधोमध उभा केला आणि त्यावर आवाज मोजायचं मीटर बसवलं. एका दारात म्हातारी उभी होती, समोरच्या दारात शेजारीण, तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन. म्हातारीच्या मागे खोलीत तिचा लेक खुर्चीच्या गादीचं कापड शिवत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, जन्मापासून ठार बहिरा. शिवता शिवता तो गात होता.

गाण्यात शब्द नव्हते. छातीतून निघणारा एकच लांब सूर. वर चढायचा, फाटायचा, पुन्हा खाली यायचा. शिवणाच्या मशीनची घरघर त्याच्यापुढे काहीच नव्हती.

"आजी, नियम साधा आहे," निरीक्षक म्हणाला. "राहत्या वस्तीत दिवसा आवाज पंचावन्न डेसिबलच्या वर जायचा नाही. आधी मशीन चालू असताना मोजतो, मग बंद करून."

"बंद कशाला? तक्रार चालू मशीनची आहे ना? मग चालूच मोजा की."

"नुसतं चालू मोजून कसं कळणार, आवाज मशीनचा आहे की आणखी कशाचा?"

म्हातारीने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, मी मशीनच लिहिलं हो. दुसरं लिहायला हात धजेना. पण ही दचकून उठते सारखी. मी तरी काय करू?"

"चांगलंच केलंस, बाई. आगीतून काढलंस आणि फुफाट्यात बसवलंस."

लेकालाही म्हातारीने तक्रार मशीनचीच आहे असं सांगितलं होतं. सकाळीच त्याने मशीनच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवले होते. आपण गातो हे त्याला ठाऊक होतं, छातीवर हात ठेवला की थरथर हाताला लागायची. लहानपणी एकदा त्याने खुणेने विचारलं होतं, किती ऐकू येतं? म्हातारीने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं होतं. इतकंसं. फक्त मला. पुढे कितीदा विचारलं तरी ती खूण तिने बदलली नव्हती.

मीटरवर अडुसष्ट आला. निरीक्षकाने हात हलवून मशीन थांबवायला सांगितलं. लेकाने हसून बटण बंद केलं. बसून राहणं त्याला जमत नसे. त्याने बाजूची खुर्ची पुढ्यात ओढली आणि तिचं कापड ताणून बसवू लागला. हात चालू झाले तसा सूरही चालू झाला. या धंद्यातले बाकीचे कारागीर बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात. त्याचे खिळे वाटीत असायचे. तोंड कधी रिकामं नसायचं.

म्हातारी मीटरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आजी, मध्ये नका उभ्या राहू. आवाज अडतो."

"चहा टाकू का?"

"नंतर."

ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत वळली. दारातली बादली तिच्या पायाने कलंडली आणि गडगडत गेली.

"आजी!"

"म्हातारं माणूस, बाबा. लागला पाय."

"एका जागी उभ्या राहा, नाहीतर पहिल्यापासून मोजावं लागेल."

निरीक्षक मनाने चांगला होता. कारागिराला घोर लागला असेल, आपल्या मशीनचा दोष नाही हे त्यालाही दिसू दे, म्हणून त्याने मीटरची आकड्यांची बाजू त्याच्याकडे वळवली.

सहासष्ट.

लेकाने आकड्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. उठून भिंतीतली मशीनची पिन काढली आणि उंच धरून निरीक्षकाला दाखवली. सहासष्ट. तो खो खो हसला, कपाळाशी बोट फिरवून मीटरकडे दाखवलं. हे येडं आहे. आकडा बहात्तरवर गेला.

त्याचं हसू थांबलं. त्याने तोंड मिटलं. चव्वेचाळीस.

सूर लावला. सहासष्ट. मिटलं. चव्वेचाळीस.

मग छातीवर हात ठेवून, आकड्यावरची नजर न हलवता, त्याने फार जपून गाऊन पाहिलं. साठ. त्रेसष्ट. पुन्हा साठ. त्याने आईकडे पाहिलं.

म्हातारीचा अंगठा आणि बोट आपसूक जवळ आले होते. तिने हात पाठीमागे नेला.

निरीक्षकाच्या आत्ता ध्यानात आलं. तो घाईघाईने म्हणाला, "आजी, माणसाचा नुसता आवाज आमच्या नियमात बसत नाही. भोंगा असता, मशीन असतं, तर गोष्ट वेगळी. कारवाई काही नाही. गाऊ दे त्याला. सांगा ना."

"सांगते. पण त्याने बघायला तर हवं."

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, डोळ्यांसमोर हात हलवला. तिच्या खांद्यावरून तो मीटरच पाहत होता. वाटी त्याने मांडीवर घेतली होती. खुर्चीला दोनच खिळे मारायचे राहिले होते, पण तो एकेक खिळा उचलून ओठांत धरत होता.

इतका वेळ निवांत झोपलेली तान्ही त्या शांततेत दचकून उठली आणि मोठ्याने रडू लागली.

आकडा चढला. लेकाने, नजर मीटरवरच ठेवून, वाटीत उरलेले सगळे खिळे ओठांत धरायला चिमटीत गोळा केले.