गळका भाता

मोटरवर भाता चालणारी नवी पेटी तालमीला आली. तबलजी खूश झाला. सारंगीवाल्याने नाक मुरडलं, "हिला दम लागत नाही, हेच खटकतं." गायिका मात्र हुश्श करून बसली. पेटी वाजवणाऱ्या धाकट्या भावाकडे बघत म्हणाली, "याचा जुना भाता गळका. चार वर्षं मला सूर अर्ध्यात सोडावा लागतोय."

तिने सूर लावला. पेटीचा सूर हलला नाही. तिचा थरथरला आणि तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तबलजी उगाच हातोडीने तबला ठोकू लागला.

"जुनीच काढ," ती भावाला म्हणाली. "गळली तर गळू दे."

जुन्या पेटीची खोळ काढताना तो तिलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "ती कधीच गळत नव्हती, ताई. तुझा दम संपला की मीच भाता सोडायचो."